एकाच बांधणीत टर्निंग आणि मिलिंग: शाफ्टवर की-वे काढताना

काम असं: सीएनसी लेथवर ४० मिमी व्यासाचा शाफ्ट टर्न करायचा आणि चकमधून न सोडता लाइव्ह टूलने (लेथवरच बसवलेलं, स्वतः फिरणारं मिलिंगचं टूल) १२ मिमी रुंद, ५ मिमी खोल की-वे, म्हणजे की बसवायची खाच, काढायचा. मटेरियल मध्यम कार्बन स्टील.

आधी फेसिंग (टोक सपाट करणं) आणि रफिंग (जास्तीचा माल काढणं). व्यासावर ०.४ मिमी माल ठेवा, फिनिश कट आत्ता मारू नका. मिलिंगनंतर की-वेच्या कडेला बर (धातूची उरलेली धारदार किनार) येतेच, ती शेवटच्या कटमध्ये बरीचशी निघते. हा कट की-वेवरून तुटक जातो आणि दर फेऱ्याला इन्सर्टला (टूलवरची बदलता येणारी कटिंग धार) ठोका बसतो, म्हणून इन्सर्टचा चिवट ग्रेड घ्या.

मिलिंगकडे जाताना जी९६ (स्थिर कटिंग स्पीड) रद्द करून जी९७ (स्थिर आरपीएम) द्या, स्पिंडल थांबवा, सी-अक्ष (स्पिंडल हव्या त्या कोनात फिरवणारा अक्ष) चालू करा, कोन लावून ब्रेक मारा. ब्रेकचा एम-कोड मशीनगणिक वेगळा, मॅन्युअल बघा. फॅनुक कंट्रोलरच्या ए जी-कोड प्रणालीत जी९९ म्हणजे फेऱ्यामागे फीड (टूल किती सरकतं ते), जी९८ म्हणजे मिनिटामागे. जी९९ तसाच राहिला तर बहुतेक मशीनवर टूल जागचं हलत नाही, कारण मुख्य स्पिंडल उभा असतो. टर्निंगकडे परतताना जी९८ राहिला तर ०.२ चा फीड मिनिटाला ०.२ मिमी होतो, आणि ऑपरेटर मशीन बिघडलं समजून बसतो.

१० मिमीची चार धारांची कार्बाइड एंडमिल, कटिंग स्पीड ९० मीटर: सुमारे २८६५ आरपीएम. दाताला ०.०४ मिमी धरून फीड मिनिटाला ४५८ मिमी. लाइव्ह टूलमध्ये फार ताकद नसते, म्हणून १-१ मिमीचे पाच थर घ्या आणि माल सरळ भोसकण्याऐवजी झेडमध्ये (शाफ्टच्या लांबीच्या दिशेत) साधारण २ अंशांच्या उताराने उतरा. टूल कोलेटबाहेर (टूल धरणारी पकड) गरजेपुरतंच ठेवा. रनआउट (फिरताना टूलची डगमग) ०.०२ मिमीपेक्षा जास्त दिसला तर कोलेट पुसून पुन्हा बसवा.

मधला गाळा झाला की वाय-अक्ष (टूल शाफ्टला आडवं सरकवणारा अक्ष) दोन्ही बाजूंना ०.९ मिमी सरकवून भिंती काढा, मग १ मिमीवर पूर्ण खोलीचा हलका कट.

वाय-अक्ष नसेल तर सी फिरवून रुंदी वाढवायचा मोह होतो. १ मिमीसाठी सी २.८७ अंश फिरवावा लागतो, आणि भिंतही तेवढीच कलते. दोन्ही बाजू धरून तळाची रुंदी वरच्यापेक्षा सुमारे अर्धा मिमी कमी भरते, की बसतच नाही. अशा मशीनवर सरळ १२ मिमीची एंडमिल लावा, आणि रुंदी आधी भंगार तुकड्यावर मोजा.

फिनिश कटआधी ब्रेक आणि सी-अक्ष सोडा, की-वेतल्या चिप हवेने उडवा. एखादी अडकून राहिली तर इन्सर्टखाली येऊन फिनिशवर ओरखडा पाडते.