पलटी नांगर जोडताय? हायड्रॉलिकच्या या चुका टाळा

पाडवा झाला की नांगरटीची घाई सुरू होते आणि त्याच त्या तक्रारी कानावर येतात. नांगर अर्ध्यात अडकतो, पलटी होत नाही, पाईप फुटला. सगळे नांगराला नावं ठेवतात. खरा दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मातीने भरलेले कपलर, म्हणजे नांगराचे ऑईल पाईप ट्रॅक्टरला जोडायची टोकं, तसेच जोडणं. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, मागचा आस आणि लिफ्ट एकाच ऑईलवर चालतात. कपलरमधली माती त्याच ऑईलात उतरते. स्पूल म्हणजे व्हॉल्व्हमध्ये सरकून ऑईलची वाट बदलणारा दांडा. त्याच्या फटीत केस जाईल एवढीही जागा नसते, तिथे मातीचा कण काय करेल?

दोन वर्षांमागे शेजारच्या शिवारातल्या पोराने नवा नांगर घेतला. तिसऱ्या दिवशी फोन आला, "काका, पलटी मध्येच उभी राहते." जाऊन बघतो तर पाईप सरीत लोळत पडलेले, कपलरच्या खाचेत काळी माती गच्च बसलेली. रोज तसेच जोडायचा. व्हॉल्व्ह खोलला, तर स्पूलवर नखाला लागेल असा उभा ओरखडा! व्हॉल्व्ह बदलला, फिल्टर बदलला, सगळं ऑईल नवीन भरलं. ऐन हंगामात ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला. मला आजही त्याची हळहळ वाटते, कारण फडका मारायला अर्धं मिनिट लागतं.

मी इंजिन बंद करतो, लिव्हर मागे-पुढे करून पाईपातलं प्रेशर सोडतो, दोन्ही टोकं डिझेलच्या स्वच्छ फडक्याने पुसतो आणि मगच जोडतो. कापसाचा बोळा वापरू नका, त्याचे धागे आत जातात. काढलेले पाईप नांगराच्या सांगाड्यावर अडकवायचे. टोपण हरवलं असेल तर प्लास्टिकची पिशवी घालून रबराने बांधायची.

दुसरी चूक म्हणजे, "मिस्त्री, जरा प्रेशर वाढवून द्या." रिलीफ व्हॉल्व्हमध्ये वायसर घालून देणारे मिस्त्री भेटतात. मी ते काम करत नाही. तो व्हॉल्व्ह जादा प्रेशर सोडून पंप आणि पाईप वाचवायलाच बसवलेला असतो. नांगर पलटत नसेल तर आधी मधल्या बुशला ग्रीस आहे का बघा, फिल्टर तुंबलाय का बघा, नांगर पूर्ण उचलून मग पलटवताय का तेही बघा. नवशिक्यांना धीर नसतो, त्यांना पहिल्याच दिवशी पाना हवा असतो.

पलटी झाल्यावरही लिव्हर दाबून धरली की ऑईल तापतं. लगेच सोडा.

नांगर पलटवणारा जॅक भरायला ऑईल ट्रॅक्टरमधूनच जातं. म्हणून नवा नांगर जोडल्यावर चार-पाच पलट्या मारा आणि लेव्हल पुन्हा तपासा.

पाईप कुठे ताणतो, कुठे चेपतो हे शेतात जाण्याआधी बघा. लिफ्ट पूर्ण वर, पूर्ण खाली, दोन्ही बाजूंना पलटी. मागे माणूस उभा नको.

आणि एक कळकळीने सांगतो. पाईपला बारीक गळती असेल तर हात लावून शोधू नका. त्या प्रेशरला ऑईल कातडीतून आत घुसतं. वर नुसता टिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि पुढे बोट काढायची वेळ येते. गळती पुठ्ठा धरून शोधा. कुणाच्या हातात ऑईल घुसलंच, तर हळद लावत बसू नका. त्याच तासाला सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा आणि प्रेशरचं ऑईल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.