ग्लॅडिओ, ॲस्टर आणि गुलछडी: थोड्या गुंठ्यांतली काडीची फुले

सुट्टी फुले आणि काडीची (लांब देठासकट विकली जाणारी) फुले हे दोन वेगळे धंदे आहेत. झेंडू किलोवर जातो, त्यामुळे एखादे फूल वाकडे निघाले तरी वजनात खपून जाते. काडीचे तसे नाही. तिची लांबी, सरळपणा आणि कोणत्या दिवशी कापली, यावर भाव ठरतो. म्हणून लावणीची तारीख पंचांगाकडून उलटी मोजत या.

ग्लॅडिओच्या (ग्लॅडिओलसच्या) जाती फुलायला साधारण 60 ते 90 दिवस घेतात. समजा, लग्नसराईसाठी 15 डिसेंबरला काडी कापायची आहे आणि जात 75 दिवसांची आहे. थंडीत पीक रेंगाळते, त्याचे 10 दिवस धरा. 85 दिवस मागे गेलात की 21 सप्टेंबर येतो. सगळे कंद मात्र त्याच दिवशी लावू नका. गुंठ्याचे तीन भाग करून 10-10 दिवसांच्या अंतराने लावा, नाहीतर आठवडाभर फुलांचा पूर येतो आणि पुढे महिनाभर रान रिकामे दिसते. गणपतीनंतर पितृपक्षात मागणी खाली येते. तो पंधरवडा काढणीत येणार नाही असे बघा.

ग्लॅडिओ

कंद 4 ते 5 सेंटीमीटर व्यासाचा घ्या. नुसता रुंद आणि चपटा कंद बहुधा जुना असतो. बुडाशी जाड, वर फुगीर असलेला चांगला. वरची कोरडी साले काढून पाहा, तपकिरी किंवा खोलगट डाग असलेला कंद बाजूला टाका. जमिनीतून नुकताच काढलेला कंद स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो दोन-तीन महिने झोपेत असतो, लावला तरी वर येत नाही. डोळा फुगून अर्धा सेंटीमीटर कोंब दिसला की लावणीला तयार.

लावणीपूर्वी 10 लीटर पाण्यात 30 ग्रॅम कॅप्टन हे बुरशीनाशक मिसळून कंद अर्धा तास बुडवा आणि सावलीत निथळू द्या. हातमोजे घाला. मर रोगाची बुरशी कंदाबरोबरच शेतात येते, त्यामुळे ही पायरी टाळू नका.

सरी-वरंब्यावर 45 सेंटीमीटर × 15 सेंटीमीटर अंतराने, 5 ते 7 सेंटीमीटर खोल लावा. गुंठ्याला सुमारे 1500 कंद बसतात. उथळ लावलेले झाड फुलोऱ्याच्या वजनाने आडवे होते. लावणीआधी गुंठ्याला 100 ते 150 किलो शेणखत घाला, पण ते पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या खतातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते. मातीपरीक्षण केलेले नसेल तर त्याच वेळी 12 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 3 किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्या. युरिया एकदम देऊ नका: दोन पाने, चार पाने आणि सहा पाने असताना प्रत्येकी 2 किलो द्या. दिवस मोजण्यापेक्षा पाने मोजलेली बरी, कारण थंडीत आणि उन्हात वाढीचा वेग बदलतो.

चौथ्या-पाचव्या पानाच्या सुमारास बुडाशी मातीची भर लावा. पानांच्या बेचक्यात काडी फुगू लागली की पाण्याचा ताण अजिबात पडू देऊ नका. या दिवसांत चुकलेले पाणी नंतर कितीही दिले तरी भरून निघत नाही, काडी आखूड राहते आणि कळ्या कमी येतात. पाने आणि पाकळ्यांवर चंदेरी ओरखडे दिसले तर फुलकिडे आहेत. निळे चिकट सापळे आधीच लावलेले असतील तर ते लवकर कळते.

ॲस्टर

ॲस्टरचे बी दुसऱ्या वर्षापर्यंत नीट टिकत नाही. उरलेल्या पुडीवर विसंबू नका. 30 × 30 सेंटीमीटर अंतराने गुंठ्याला 1100 च्या आसपास रोपे लागतात. 98 कप्प्यांचे 14 प्रो-ट्रे भरा, कप्प्यात दोन बिया टाका, नंतर एक ठेवा. चार-पाच आठवड्यांत रोप लावणीला येते. गादीवाफा करा, पाणी साचता कामा नये. पुण्यातल्या गणेशखिंडच्या संशोधन केंद्राच्या 'फुले गणेश' मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे रंग काडीसाठी चालतात. बंगळूरच्या संशोधन संस्थेच्या 'कामिनी', 'पौर्णिमा' याही जुन्या ओळखीच्या जाती.

ॲस्टरचा खरा शत्रू मर. कळी दिसू लागली की धडधाकट झाड दुपारी मान टाकते आणि संध्याकाळीही सावरत नाही. खोड आडवे कापून पाहा. आत तपकिरी कडे दिसले तर झाड मुळासकट उपटून जाळा. पाणी वाढवून ते वाचत नाही, उलट शेजारची जातात. त्याच जागी पुढची दोन-तीन वर्षे ॲस्टर घेऊ नका. जागा कमी असलेल्यांना हा नियम जाचक वाटतो, पण त्याला पळवाट नाही.

गुलछडी

काडीसाठी डबल 'सुवासिनी' किंवा अर्धडबल 'वैभव' घ्या. सिंगल गजऱ्या-वेणीची. एप्रिल-मेमध्ये लावलेला कंद तीन वर्षे जागा अडवतो, म्हणून ती कडेच्या वाफ्यात लावा.

कापणी

ऊन चढण्याआधी कापा. प्रत्येक फुलाची वेळ वेगळी आहे. ग्लॅडिओच्या खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की पुरे, बाकीच्या पाण्यात उमलतात. गुलछडीची खालची दोन-तीन फुले उमललेली हवीत. फार कोवळी कापली तर वरच्या कळ्या तशाच वाळतात. ॲस्टरच्या बाहेरच्या पाकळ्या पूर्ण पसरू द्या आणि दव सुकल्यावरच कापा. ओली जुडी बांधली की आतून कुजते.

बादली प्लास्टिकची आणि घासून धुतलेली हवी, ती झाडाजवळ न्या. कापलेली काडी बांधावर ठेवून 'सगळे झाल्यावर पाण्यात घालू' म्हटले की देठात हवा शिरते, मग फूल पाणी ओढत नाही. 10 लीटर पाण्याला 200 ग्रॅम साखर, 3 ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) आणि 10 मिलिलीटर साधे, बिनवासाचे घरगुती ब्लीच. ब्लीच वगळून नुसती साखर टाकाल तर जिवाणूंची मेजवानी होते आणि देठ बुळबुळीत होतो. फुले सावलीत चार-पाच तास या पाण्यात उभी ठेवा.

ग्लॅडिओ वाहतुकीतही उभाच राहिला पाहिजे. आडवा ठेवला तर काही तासांत शेंडा वर वळतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही. पुण्याच्या गुलटेकडीच्या किंवा मुंबईत दादरच्या फुलबाजारात पाठवायचा असेल तर 10 काड्यांची गड्डी करा. गड्डीतल्या काड्या एका लांबीच्या हव्यात. सात लांब आणि तीन आखूड असल्या तर भाव आखूडांचा लागतो.

रचना

स्वतःच गुच्छ विकणार असाल तर 5 ग्लॅडिओ, 10 ॲस्टर, 5 गुलछडी आणि हिरवळीला शतावरी किंवा कामिनीच्या झुडपाचा पाला पुरतो. बांधावरच्या बडीशेपेचा फुलोराही छान भरतो. पाण्याखाली येणारी सगळी पाने ओरबाडून काढा. ॲस्टरची पाने फुलाआधी पिवळी पडतात, म्हणून वरचीही निम्मी काढा.

पहिली काडी डाव्या हातात धरा, दुसरी तिच्यावर तिरकी ठेवा आणि पुढची प्रत्येक त्याच दिशेने तिरकी. दर तीन काड्यांनी गुच्छ हातात थोडा फिरवा. एकही काडी उलट्या दिशेने गेली तर बांधताना देठ चेपतात. बरोबर जमलेला गुच्छ देठांवर आपोआप उभा राहतो. फुलदाणीत फुलांची उंची फुलदाणीच्या दीडपट ठेवा. ग्लॅडिओच्या टोकाच्या दोन बारीक कळ्या खुडल्या की मधल्या चांगल्या उमलतात. नळाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर ग्लॅडिओच्या पाकळ्यांच्या कडा करपतात. मग पावसाचे साठवलेले पाणी वापरा. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि देठ दोन सेंटीमीटर तिरका कापा.

ग्लॅडिओची काडी नेली तरी मुळाशी पीक चालूच असते. कापताना झाडावर चार-पाच पाने सोडा, कारण पुढच्या हंगामाचा कंद त्यांच्यावरच पोसतो. लांबीच्या मोहात सगळी पाने काडीबरोबर गेली तर कंद सुपारीएवढा राहतो. सहा ते आठ आठवड्यांनी पाने पिवळी झाली की पाणी तोडा, कंद काढा, दोन-तीन आठवडे सावलीत वाळवा, जुना सुरकुतलेला कंद खालून मोडून टाका आणि नवे कंद जाळीच्या पिशवीत भरून शीतगृहात 4-5 अंशांवर ठेवा. बारीक कंदल्या वेगळ्या काढा. त्यांच्यापासून फुलणारा कंद तयार व्हायला दोन हंगाम लागतात.