नियामक संस्थेच्या नावाने फोन आला तर काय करावे

"तुमचे बुडालेले पैसे सापडले आहेत. आमच्याकडे जमा आहेत. प्रक्रिया शुल्क तेवढं भरा, म्हणजे लगेच तुमच्या खात्यात वळते करतो." बोलणारा स्वतःला नियामक संस्थेचा, म्हणजे गुंतवणुकीच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा अधिकारी म्हणवतो. शांतपणे, अदबीने बोलतो. नाव सांगतो, हुद्दा सांगतो, ओळखपत्राचा क्रमांकही देतो. तुमची किती रक्कम कोणत्या योजनेत अडकली, हेसुद्धा त्याला ठाऊक असतं. एवढं सगळं माहीत आहे म्हणजे माणूस सरकारीच असणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण ती माहिती बहुतेक वेळा ज्यांनी आधी फसवलं त्यांच्याकडूनच आलेली असते. फसलेल्या लोकांच्या याद्या ठगांमध्ये विकल्या जातात. कधी दोन्ही वेळची टोळी एकच असते. एकदा पोळलेल्या माणसाच्या आशेवर पुन्हा डल्ला मारण्याचा हा प्रकार मला सगळ्यात संतापजनक वाटतो.

आधी फोन ठेवा

वाद घालू नका, त्याला उलटे प्रश्न विचारून पकडायलाही जाऊ नका. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. "मी संस्थेच्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारतो," एवढं म्हणा आणि फोन बंद करा. खऱ्या अधिकाऱ्याची याला हरकत नसते. ठग मात्र इथेच आवाज चढवतो: खातं गोठेल, अटक होईल, आजची मुदत हुकली तर पैसे गेले.

स्क्रीनवर संस्थेचं नाव किंवा खरा क्रमांक दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. समोर दिसणारा क्रमांक तंत्राने बदलता येतो. त्यामुळे मेसेजमधला किंवा पत्रावर छापलेला क्रमांक लावायचा नाही. शोधयंत्रावर वरच दिसणारी जाहिरातही उघडायची नाही, बनावट संकेतस्थळं तिथेही असतात. संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथला क्रमांक घ्या.

पत्र आलं असेल तर ते असं वाचा

मोहोर, बोधचिन्ह, सही, क्यूआर कोड यांवर वेळ घालवू नका. ते सगळं कोणालाही चिकटवता येतं. ईमेल असेल तर पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि 'अ‍ॅट'च्या पुढचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामक संस्थेचा पत्ता 'सेक डॉट जीओव्ही'ने संपतो, भारतातल्या सेबीचा 'सेबी डॉट जीओव्ही डॉट इन'ने. संस्थेचं नाव मध्येच कुठेतरी आलं आणि शेवट भलताच असला, तर ते पत्र तिथेच बाजूला ठेवा. शेवट बरोबर असला तरी काम संपत नाही, कारण पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा दाखवता येतो.

म्हणून पत्रात एखाद्या आदेशाचा हवाला असेल, तर तो संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा. सेबी आपले आदेश संकेतस्थळावर जाहीर करते. आदेशाची तारीख आणि प्रकरणाचं नाव टाकून तो सापडतो का ते बघा. सापडला नाही तर थेट संस्थेला विचारा, तोवर एक पैसाही हलवू नका. आणि मजकुराकडे नीट लक्ष द्या. पत्रात 'चोवीस तासांत भरा' असं लिहिलंय का? पैसे भरायला एखाद्या व्यक्तीच्या नावाचं खातं किंवा क्रिप्टो वॉलेट दिलंय का? 'गोपनीय, कोणालाही दाखवू नये' अशी ओळ आहे का? शेवटची ओळ मला सगळ्यात घातक वाटते. घरच्यांनी पत्र पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, म्हणून तर ती घातलेली असते.

पैशांचा प्रश्न

ब्रिटनच्या एफसीए या वित्तीय नियामक संस्थेने स्पष्ट सांगितलं आहे की ती कोणालाही पैसे पाठवायला सांगत नाही, बँकेचा पिन किंवा पासवर्ड मागत नाही. तरीही २०२५च्या पहिल्या सहा महिन्यांत तिच्या नावाने झालेल्या तोतयागिरीच्या ४,४६५ तक्रारी आल्या आणि त्यांतल्या ४८० प्रकरणांत लोकांनी पैसे पाठवले. एसईसीही गुन्हेगारांकडून वसूल केलेली रक्कम गुंतवणूकदारांना वाटते, पण त्यासाठी आधी शुल्क मागत नाही.

ठग या शुल्काला कधी कर म्हणतो, कधी विमा, कधी मनी लाँडरिंगविरोधी मंजुरी. एक साधा प्रश्न मनाशी विचारा: माझे पैसे यांच्याकडे जमाच आहेत, तर शुल्क त्यातूनच का कापत नाहीत? 'नियमात बसत नाही' हे ठरलेलं उत्तर असतं. एकदा भरलं की दुसरं शुल्क निघतं, मग तिसरं. क्वचित एखादा ठग 'कापून घेतो' म्हणतो. तेव्हा त्याला पैसे नको असतात. त्याला हवा असतो ओटीपी, किंवा तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं अ‍ॅप तुमच्या फोनमध्ये. म्हणजे पुढचं सगळं तो स्वतःच उरकतो.

'नोंदणीकृत' प्रमाणपत्र

कधी ठग स्वतः नियामक होत नाही, नियामकाचं प्रमाणपत्र दाखवतो. अशा वेळी नियामकाच्या नोंदवहीत कंपनीचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि फोन असं सगळं जुळवा. खऱ्या कंपनीचं नाव आणि क्रमांक चोरून आपला फोन देण्याचा प्रकार सर्रास चालतो, म्हणून नोंदवहीतल्याच क्रमांकावर बोला. मुळात अस्तित्वातच नसलेल्या नियामक संस्थाही उभ्या केल्या जातात. एसईसीच्या 'पॉझ' या इशारा-यादीत अशा संस्थांची नावं आहेत.

समाजमाध्यमांवरच्या एकट्या अधिकृत खात्यावरही विसंबू नका. ९ जानेवारी २०२४ला एसईसीचंच एक्सवरचं खातं सिमकार्डाची अदलाबदल करून, म्हणजे खात्याला जोडलेला फोन क्रमांक दुसऱ्या सिमकार्डावर वळवून ताब्यात घेतलं गेलं आणि बिटकॉइनबद्दल खोटी घोषणा झाली. ती वाचून बिटकॉइनचा भाव हलला.

पैसे गेले असतील तर

त्याच मिनिटाला बँकेला कळवा. व्यवहार थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते. भारतात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. इतर देशांत पोलिसांची सायबर शाखा आणि तिथला नियामक यांच्याकडे जा. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप काढून टाका आणि दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला. चॅट, पत्र, व्यवहार क्रमांक यांतलं काहीही पुसू नका. ठगाला जाब विचारायचा मोह होईल, पण त्याच्याशी बोलणं बंद ठेवा.

आणि घरी सांगा. लाजेने गप्प राहिलेल्या माणसाकडून ठग पुन्हा पुन्हा पैसे काढतात. घरात कोणी असं सांगितलं, तर 'इतकं कसं कळलं नाही' हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. आधी शेजारी बसून बँकेला फोन लावा.

तक्रार नोंदवल्यावरही काही दिवसांनी फोन येऊ शकतो: "तुमच्या तक्रारीच्या चौकशीबद्दल बोलतोय." त्याला तक्रार क्रमांक सांगू नका. फोन ठेवा, जिथे तक्रार केली त्या पोर्टलवर स्वतः लॉग इन करा आणि तिची स्थिती तिथे बघा.