एकमेकांचे इंग्रजी निबंध तपासताना

ऑनलाइन इंग्रजी लेखनाच्या वर्गात सहाध्यायाचा निबंध तपासायला दिला, की बहुतेक वेळा 'छान लिहिलंय, कीप इट अप' एवढंच हाती येतं. नाहीतर लाल पेन घेऊन स्पेलिंगची शिकार सुरू होते. दोन्हींतून पुढचा मसुदा कसा सुधारायचा ते कळत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या 'टास्क 2'चा निबंध (किमान 250 शब्द, 40 मिनिटं) समोर ठेवून नीट पद्धत अशी.

गट तिघांचा करा. जोडीत एकजण गायब झाला की दुसरा अडतो, पाचजणांत वाचायचं ओझं होतं. तिघांत प्रत्येकाच्या वाट्याला दोन निबंध येतात, एकेकाला 25 मिनिटं धरा. सोमवारी मसुदा, बुधवारपर्यंत अभिप्राय, शुक्रवारी दुसरा मसुदा. हा शुक्रवार पाळायचा नसेल तर अभिप्राय मागूच नका. कुणी वापरणार नाही हे कळलं की वाचणाराही उरकून टाकतो.

गूगल डॉक्समध्ये शेअर करताना 'कॉमेंटर' परवानगी द्या. 'एडिटर' दिली की उत्साही मित्र वाक्यंच बदलून ठेवतो. 'सजेस्टिंग' (मजकुरातच बदल सुचवून ठेवायची सोय) हीही टाळा: लेखक बरोबरच्या खुणेवर क्लिक करतो, चूक जाते, पण ती चूक का होती हे डोक्यात शिरत नाही. मसुद्याच्या वर पूर्ण प्रश्न चिकटवा आणि त्याखाली स्वतःच्या दोन शंका लिहा. 'कसा वाटला?' ही शंका नव्हे. 'दुसऱ्या परिच्छेदातलं उदाहरण मुद्द्याला धरून आहे का?' ही आहे.

आता वाचणाऱ्याचं काम. पहिलं वाचन एकही कॉमेंट न टाकता करा. मग शेवटी एका वाक्यात लिहा: 'तुझं म्हणणं मला असं कळलं...' गट मराठी असेल तर हे खुशाल मराठीत लिहा. लेखकाला 'अरे, मला हे म्हणायचंच नव्हतं' असं वाटलं, तर त्या एका वाक्यानं वीस स्पेलिंगपेक्षा जास्त काम केलं. परीक्षेतही प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण या चार निकषांना सारखंच वजन आहे. व्याकरण म्हणजे चार आणे. तपासताना मात्र सगळा रुपया तिथेच खर्च होतो.

दुसऱ्या वाचनात जास्तीत जास्त पाच कॉमेंट. प्रत्येकीत जागा, तिथे वाचताना काय झालं आणि काय करून पाहता येईल, हे तिन्ही हवं. 'हा परिच्छेद क्लिअर नाही' यात तिन्ही नाहीत. 'तिसऱ्या वाक्यातलं "दिस" (this) मोबाइलबद्दल आहे की त्याच्या व्यसनाबद्दल, ते कळेना म्हणून मागे जावं लागलं. तिथे नाम पुन्हा लिहून बघ' यात आहेत. पाचांतली एक कॉमेंट जमलेल्या जागेबद्दल असू द्या, तीही नेमकी.

व्याकरणाची एकच चूक वारंवार होत असेल तर ती दोनदा दाखवून थांबा. उरलेल्या जागा लेखकानं शोधाव्यात. इथे एक खड्डा आहे. गटात सगळेच मराठी असले की सगळ्यांचा कान एकाच जागी फसतो. 'डिस्कस अबाउट'मधलं जादा 'अबाउट' कुणालाच खटकत नाही, कारण आपण 'विषयावर' चर्चा करतो. 'टू डेज अगो'च्या जागी 'टू डेज बिफोर' येतं. मराठीत 'ए' आणि 'द' (a, the) ही उपपदं नाहीतच, त्यामुळे ते गळलेले दिसतही नाहीत. अशा ठिकाणी बहुमत घेऊ नका. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-शब्दकोशात ते क्रियापद उघडून उदाहरणाची वाक्यं बघा. बँड (परीक्षेतले गुण) किती पडेल याचा अंदाजही सांगू नका. मैत्रीत तो वर सरकतो, आणि आकडा दिसला की लेखक बाकीचं वाचत नाही.

लेखकानं प्रत्येक कॉमेंटखाली 'घेतलं' किंवा 'नाही घेतलं, कारण...' असं लिहावं. दुसरा मसुदा होईपर्यंत 'रिझॉल्व्ह' दाबू नये, नाहीतर ती कॉमेंट नजरेआड जाते. दोघं वाचणारे एकाच वाक्याशी अडखळले पण उपाय वेगवेगळे सुचवले, तर उपाय बाजूला ठेवून ते वाक्य नव्यानं लिहा: दुखणं खरं आहे, औषध तुम्हीच शोधायचं.