पावसाळ्यात पाहुण्यांना नाशिकची पंचवटी पायी दाखवायची असेल तर

सगळ्यात आधी गंगापूर धरणाचा विसर्ग, म्हणजे धरणातून गोदावरीत किती पाणी सोडलंय ते बघा. छत्री, पाणी, सुटे पैसे कुणीही घेतं. विसर्ग बघायचा राहतो, आणि जुलै ते सप्टेंबर त्यावरच सगळा बेत अवलंबून असतो. आदल्या रात्री बघा, निघताना पुन्हा बघा. नुसत्या धरणाच्या आकड्यावर विसंबू नका, खाली शहरात होळकर पुलाखालून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी जातंय तेही बघा. मधल्या भागात पडलेला पाऊस त्यात मिळतो, म्हणून धरणातून थोडंच सोडलं असलं तरी खाली पाणी चढतं.

बुधवार टाळा, गंगाघाटावर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, आठवडे बाजार असतो.

सुरुवात सकाळी लवकर, काळाराम मंदिरापासून. घाट आधी केलात तर सीतागुंफेची रांग वाढलेली सापडेल. चपलांसाठी प्रत्येकाला एक कापडी पिशवी द्या, दर देवळाशी शोधाशोध नको. काळारामाला रामशेजचा काळा दगड आणि देऊळ बांधणाऱ्या सरदार ओढेकरांचं नाव सगळेच सांगतात, दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह मात्र एका वाक्यात उरकतात. तसं करू नका. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा लढा दादासाहेब गायकवाडांनी पुढे काही वर्षं नेटाने चालवला, तरी देवळाचे दरवाजे उघडले नाहीत. हे दरवाजापाशी उभं राहूनच सांगायचं.

सीतागुंफेत वाकून, जवळजवळ बसत उतरावं लागतं. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला कोंडल्यासारखं होतं, हे रांगेत लागण्याआधीच विचारा. मागे माणसं असतात, अर्ध्यातून परतता येत नाही.

घाटाकडे उतरण्याआधी फोन काढा आणि विसर्ग बघा. हो, तिसऱ्यांदा. सकाळचा आकडा दुपारी कामाचा नसतो, वरून सोडलेलं पाणी काही तासांत रामकुंडावर येतं. मग डोळ्यांनी दुतोंड्या मारुती बघा. नाशिककर पूर याच मूर्तीवर मोजतात: पायाला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी पोचलं. २००८ च्या सप्टेंबरात मूर्ती पूर्ण पाण्याखाली गेली होती. पायाला पाणी दिसलं तरी खाली उतरू नका, पाहुणे कितीही म्हणोत. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि पाण्याखालची पायरी दिसत नाही.

पाणी उतरलेलं असेल तर कपालेश्वर (समोर नंदी नाही, हे त्यांना शोधू द्या), रामकुंड आणि नारोशंकर. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन आलेले असतात, तिथे कॅमेरा बंद. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर आणलेली पोर्तुगीज घंटा वर बघायला सांगा, नाहीतर माणसं तिच्याखालून निघून जातात.

पुढे गोदावरीवरच्या रामसेतू पुलावरून भांडी बाजार, सराफ बाजार. पूल बंद असेल तर होळकर पुलावरून वळसा. सुंदरनारायणाचं देऊळ त्या वाटेतच. जेवणाच्या आत आटपा, वयस्कर मंडळींना परतताना रिक्षा करून द्या.