तझरिया-मेत्झोराचा पाराशा समजावताना

अलिबाग, रेवदंड्याकडच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) हे दोन पाराशे, म्हणजे तोराचे (ज्यू धर्मग्रंथाचे) आठवड्याला वाचायचे भाग, साधारण चैत्र-वैशाखात येतात. मुलांना ते शिकवायला बसताना आधी भाषांतरातला ‘महारोग’ हा शब्द बाजूला ठेवा. मूळ हिब्रू शब्द त्साराअत. ती कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही लागते, म्हणजे हा कुष्ठरोग नव्हे. आधीच वाळीत पडलेल्या रुग्णांवर या एका शब्दाने आणखी ओझं टाकलंय.

मग तोरातल्या लेवीय पुस्तकाचा 13वा अध्याय उघडा. अंगावरचा पांढरा चट्टा कोहेनला, म्हणजे याजकाला, दाखवायचा. त्यात दोन केस पांढरे झालेले किंवा जिवंत मांस दिसलं, तर तिथल्या तिथे ‘तामे’ (अशुद्ध). यातलं काहीच नसेल तर सात दिवस वेगळं ठेवायचं. पसरला तर तामे, तसाच राहिला तर आणखी एक आठवडा. तेव्हाही पसरला नाही तर कपडे धुऊन ‘ताहोर’ (शुद्ध). बहुतेक जण इथे 14 दिवस मोजतात. सातवा दिवस दोन्ही आठवड्यांत धरला जातो, म्हणून दिवस 13 होतात.

चट्ट्याचं किमान माप 36 केसांच्या जागेचं, सहा बाय सहा. पोपटीतल्या वालाच्या दाण्याने ते दाखवू नका, अंदाज चुकतो. वहीवर ठिपके काढून दाखवा. पाहणी भल्या पहाटे, तिन्हीसांजेला, घरात किंवा ढगाळ दिवशी करत नाहीत, कारण फिका डागही उजळ भासतो. भर दुपारी उलटं, उजळ डाग फिका दिसतो. आपल्या आषाढातलं आभाळ आठवलं की मुलांना हे लगेच पटतं.

निदान कोणीही जाणकार सांगू शकतो, पण ‘तामे’ हा शब्द कोहेननेच उच्चारायचा. तोवर माणूस तामे नाही.

पाहणीच्या मुदतीत असलेला (मुसगार) आणि कायम ठरलेला (मुखलात) यांची गल्लत करू नका. दोघांनाही वस्तीबाहेर राहावं लागतं. पण कपडे फाडणं आणि केस मोकळे सोडणं फक्त मुखलातला.

‘लागण होऊ नये म्हणून का?’ असं कोणी विचारेलच. तेव्हा तीन नियम पुढे ठेवा: नवरदेवाला लग्नाचे सात दिवस पाहणीतून सूट असते, सगळं अंग पांढरं झालं तर माणूस ताहोर ठरतो, आणि कोहेन यायच्या आत घरातलं सामान बाहेर काढून ठेवतात, म्हणजे ते तामे होत नाही. लागणीचं भय असतं तर यातला एकही नियम असा नसता.

बऱ्या झालेल्याच्या शुद्धीचे दोन पक्षी, गंधसरू, किरमिजी धागा आणि एझोव्ह ही वनस्पती एवढं थोडक्यात सांगा. एझोव्हच्या जागी तुळस म्हणू नका. आठव्या दिवशीच्या अर्पणाला मात्र वेळ द्या: ऐपत असेल त्याने तीन कोकरं द्यायची, गरिबाला एक कोकरू आणि दोन पारवे चालतात.