न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बॅकपॅकर बसने जाताय? या चुका टाळा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बॅकपॅकर बसने, म्हणजे पाठपिशवी घेऊन स्वस्तात फिरणाऱ्यांसाठीच्या बसने, फिरायला निघालेल्या प्रवाशाच्या हातात बहुधा घरीच आखलेला एक तक्ता असतो. पहिल्या दिवशी नेल्सन, दुसऱ्या दिवशी बुलर नदीच्या घळीतून वेस्टपोर्ट, तिसऱ्या दिवशी पुनाकाइकीचे खडक पाहून हॉकिटिका, चौथ्या दिवशी फ्रान्झ जोसेफ हिमनदी, पाचव्या दिवशी हास्टची खिंड ओलांडून वानाका आणि सहाव्या दिवशी क्वीन्सटाउनहून परतीचे विमान. नकाशावर यात काहीच वावगे दिसत नाही. फ्रान्झ जोसेफ ते वानाका हे अंतर सुमारे २८५ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून महाबळेश्वरला जाण्याइतके. या तक्त्यात पावसाला मात्र कुठेच जागा ठेवलेली नसते, आणि या सहलीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे.

हा पाऊस मराठी माणसाला खरे तर ओळखीचा वाटायला हवा. अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्रीला अडतात, घाटमाथा भिजतो आणि फलटणकडचा भाग कोरडा राहतो; तोच खेळ इथे टास्मन समुद्र आणि सदर्न आल्प्स यांच्यात चालतो, फक्त इथला डोंगर कितीतरी उंच आहे. ३,७२४ मीटर उंचीचे आओराकी शिखर पश्चिम किनाऱ्यापासून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर उभे आहे. त्यामुळे हॉकिटिकाला वर्षाकाठी सुमारे २,९०० मिलिमीटर पाऊस पडतो, डोंगरात त्याच्या तिप्पट-चौपट, आणि खिंडीपलीकडच्या वानाकाला ७०० मिलिमीटरसुद्धा नाही. आपल्या पावसासारखा त्याचा ठरावीक हंगाम नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा, पण तेव्हाही तो कोसळतो.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे तक्त्यात एकही मोकळा दिवस न ठेवणे. पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिणेकडे जाणारा राज्य महामार्ग क्रमांक ६ हा एकच रस्ता आहे. हास्ट आणि पॅरिंगा यांच्यामधला त्याचा शेवटचा दुवा १९६५ साली जोडला गेला, आणि दरड कोसळली किंवा पूर आला की आजही तो बंद होतो. मार्च २०१९ मध्ये डोंगरातील क्रॉप नदीच्या केंद्रावर ४८ तासांत १,०८६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि फ्रान्झ जोसेफ गावालगतचा वायहो नदीवरचा पूल वाहून गेला. नवा पूल तीन आठवड्यांच्या आत उभा राहिला. परंतु ज्याचे विमान तिसऱ्या दिवशी होते त्याला त्या वेगाचा काय उपयोग? रस्ता बंद पडला तर उलट उत्तरेला जाऊन आर्थर्स पासवरून क्राइस्टचर्चच्या बाजूला उतरायचे आणि पूर्वेकडून क्वीन्सटाउन गाठायचे, हा एकच मार्ग उरतो. हास्टवरून जे अंतर ३५० किलोमीटर आहे, ते या वळशाने आठशेच्या घरात जाते. म्हणून क्वीन्सटाउनचे विमान तिथे पोहोचण्याच्या दुसऱ्या दिवशीचे कधीही घेऊ नये. मध्ये किमान दोन रात्री असाव्यात, आणि पाऊस न झाल्यास त्या दोन दिवसांत मिलफर्ड साउंड ही कड्यांमधली समुद्राची खाडी पाहून होते.

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी तीन ठिकाणी पाहण्याची सवय ठेवावी: रस्त्यांच्या स्थितीसाठी वाका कोताही या शासकीय वाहतूक संस्थेचे संकेतस्थळ, मुसळधार पावसाच्या इशाऱ्यांसाठी मेटसर्व्हिस ही हवामान संस्था आणि पायवाटांसाठी संवर्धन खात्याची सूचनापाने. हे सारे वसतिगृहाच्या वायफायवरच उरकावे. हास्टच्या दोन्ही बाजूंना मोबाइलला रेंज नसलेले लांबलचक टप्पे आहेत, त्यामुळे तिकिटे, पत्ते आणि नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेले बरे.

दुसरी चूक हिमनदीविषयीच्या अपेक्षेची आहे. जुनी छायाचित्रे पाहून अनेकांची समजूत अशी असते की बसमधून उतरावे, अर्धा तास चालावे आणि बर्फाला हात लावावा. एके काळी तसे होतही असे. पण या हिमनद्या झपाट्याने मागे हटल्या आहेत. फ्रान्झ जोसेफवर दरीतून चालत बर्फावर नेणाऱ्या वाटाड्यांच्या सहली २०१२ मध्ये थांबल्या, शेजारच्या फॉक्स हिमनदीवरच्या २०१४ मध्ये. आणि २०१९ मध्ये दरड सरकल्याने फॉक्सच्या दरीत जाणारा रस्ताच कायमचा गेला. आता बर्फावर पाऊल ठेवायचे तर हेलिकॉप्टर हाच मार्ग आहे. तो खर्च पेलत नसेल तर दुरून दिसणाऱ्या हिमनदीवर समाधान मानावे लागते, आणि ही निराशा तिथे पोहोचून पदरी घेण्यापेक्षा घरूनच पचवून निघणे चांगले.

हेलिकॉप्टर ठरवणाऱ्यांची नेहमीची चूक वेळेची असते. ढग उतरले की उड्डाण रद्द होते. पैसे सहसा परत मिळतात, पण गेलेला दिवस परत मिळत नाही. त्यामुळे फ्रान्झ जोसेफला दोन रात्री मुक्काम ठेवून पहिल्याच सकाळचे उड्डाण घ्यावे, कारण सकाळी आकाश मोकळे असण्याची शक्यता अधिक असते आणि ते रद्द झाले तर दुसरी सकाळ हाताशी राहते. सगळेच फसले तर फॉक्सजवळच्या मॅथेसन तळ्याभोवतीची पायवाट आहे. वारा पडलेला असेल तर तिथे आओराकीचे प्रतिबिंब दिसते, आणि ढग असले तरी ओल्या रानातली ती चाल वाया जात नाही.

दरीत पुढे जाऊ नये म्हणून बांधलेल्या दोरांविषयी मात्र गमतीने बोलण्याची सोय नाही. हिमनदीचे टोक वरवर स्थिर दिसते, पण त्याचे कडे कोणत्याही क्षणी ढासळतात आणि आत अडलेले पाणी अचानक लोंढ्याने बाहेर पडते. जानेवारी २००९ मध्ये फॉक्स हिमनदीपाशी दोर ओलांडून पुढे गेलेले, ऑस्ट्रेलियातून आलेले दोन भाऊ बर्फ कोसळून दगावले. छायाचित्रासाठी चार पावले पुढे जाण्याची खोड आपल्या गडकिल्ल्यांवरही दिसते. इथे ती दोराच्या अलीकडेच सोडून द्यावी.

आता बसविषयी. हव्या त्या गावी उतरा आणि नंतर पुन्हा चढा, अशा सोयीचा पास घेतला म्हणजे आसन मिळाले, हा समज चुकीचा आहे. पास हा प्रवासाचा हक्क असतो, आसन प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे राखावे लागते. उन्हाळ्यात गाड्या भरलेल्या असतात, आणि हिवाळ्यात काही सेवा रोज धावत नाहीत. अशा सहलींचे बरेच पास एकाच दिशेने चालतात, त्यामुळे मागे राहिलेल्या गावी परतता येत नाही. काही पासांत पहिल्या रात्रीच्या खाटेची हमी असते, मुक्काम वाढवल्यास दुसऱ्या रात्रीची खाट आपली आपण शोधायची. जानेवारीत फ्रान्झ जोसेफसारख्या लहान गावात हे काम संध्याकाळी सुरू करणे म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचे तिकीट आयत्या वेळी मागण्यासारखे आहे. ज्याला सोबतीपेक्षा मोकळीक हवी त्याने इंटरसिटी या बस कंपनीच्या नियमित गाड्यांचा, तासांच्या हिशेबाने मिळणारा पास पाहावा. माझ्या मते चाळिशीपुढच्या प्रवाशाला तोच अधिक मानवतो, कारण बॅकपॅकर बसमधला रात्रीचा दंगा प्रत्येकाच्या प्रकृतीला झेपेलच असे नाही.

ज्यांचा जीव आंबेनळी किंवा वरंध घाटात घाबरा होतो, त्यांनी बुलरच्या घळीत आणि हास्टच्या वळणांवर पुढचे आसन मागून घ्यावे आणि उलटीची गोळी गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी कामी येत नाही.

सामानात जीन्स आणि छत्री नेणे ही आपली खास चूक आहे. भिजलेली जीन्स तिथल्या गारव्यात दोन दिवस वाळत नाही आणि छत्री पहिल्याच झोतात उलटी होते. पाणी न शिरणारे जाकीट, लवकर वाळणारी विजार, लोकरीचा पातळ थर आणि पाठपिशवीच्या आत जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी, एवढे पुरते. सँडफ्लाय नावाच्या बारीक काळ्या माश्यांसाठी डीट हे कीटक दूर ठेवणारे रसायन असलेले मलम न विसरता घ्यावे. या माश्यांना माओरी भाषेत ‘नामू’ म्हणतात आणि १७७३ मध्ये डस्की साउंडमध्ये थांबलेल्या कॅप्टन कुकनेही त्यांची तक्रार लिहून ठेवली आहे. आपल्याकडे काळा आजार पसरवणारी वाळूमाशी ती ही नव्हे. ही रोग देत नाही, पण हिच्या चाव्याची खाज आठवडाभर टिकते. त्या पहाटे आणि सायंकाळी अधिक त्रास देतात, वाऱ्यात येत नाहीत आणि गडद कपड्यांकडे ओढल्या जातात. खाजवल्यास चावा चिघळतो, म्हणून खाज शमवणारे मलमही जवळ असावे.

खाण्याच्या बाबतीत चूक विमानतळावरच घडते. लाडू, लोणचे, मसाले, सुकामेवा, जे काही खाद्य बरोबर असेल ते घोषणापत्रात लिहावे. लिहिलेली वस्तू चालत नसेल तर ती फक्त काढून घेतात. लपलेली सापडली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. मध मुळीच नेऊ नये. ट्रेकचे बूटही जाहीर करावे लागतात, त्यामुळे राजगडाची माती तळव्यांतून ब्रशने घासून घरीच काढलेली बरी. पुढे किनाऱ्यावर हॉकिटिका सोडले की वानाकापर्यंत मोठे सुपरमार्केट नाही, मधली दुकाने लहान आणि महाग आहेत. शाकाहारी प्रवाशाने तांदूळ, डाळ आणि भाजी हॉकिटिकातच भरून घ्यावी. वसतिगृहांत सामायिक स्वयंपाकघर असते आणि खिचडीला एक पातेले पुरते.

विम्याविषयी एक गैरसमज उरतो. तिथे अपघातात दुखापत झाल्यास एसीसी या शासकीय योजनेतून परदेशी पाहुण्यांनाही उपचारांचे साहाय्य मिळते, म्हणून काही जण प्रवासविमा टाळतात. परंतु ती योजना आजारपण पाहत नाही, आणि रस्ता बंद पडून चुकलेले विमान तर नाहीच नाही. विमा घेताना हवामानामुळे होणारा खोळंबा त्यात समाविष्ट आहे का, ते त्याच्या अटींत स्वतः वाचून घ्यावे.